आतला भाऊ उभा होता

माझ्याकडे बघून आतलं कळतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं? किती वेळा विचारलं मी.

मी अंबिकाच्या पोटावरचा वण बोलतोय. ओटीपोटावर, आडवा, किंचित वाकलेला, हसल्यासारखा. मला लिहिता-वाचता येत नाही. ताणलं की दुखायचं, एवढंच शिकलो.

आम्ही दोघे भाऊ. एकाच दिवशी, परळला, एकाच टेबलावर जन्मलो. अंबिकाचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती लालबागला माहेरी आली होती. आठव्यातच पाणी गेलं आणि बाळ पोटात आडवं. कातडीवर मला आडवं कापलं. आत गर्भाशयावर त्याला उभं कापावं लागलं, नाहीतर बाळ निघत नव्हतं. आधी त्याला शिवलं, मग मला. म्हणून तो थोरला. बाळ, म्हणजे स्पृहा, वाचली ती त्याच्यामुळे. बघितलं मात्र सगळ्यांनी मला.

डॉक्टरीणबाईंनी अंबिकाच्या आईला, राधाबाईंना, सांगितलं होतं, "आतला छेद उभा आहे. पुढच्या खेपेला कळा येऊ द्यायच्या नाहीत. हा कागद जपा." राधाबाईंनी जपला. कपाटात, साड्यांखाली. ओल्या बाळंतिणीला कशाला घाबरवायचं, म्हणून लेकीला काही बोलल्या नाहीत.

चार वर्षांनी पुन्हा दिवस गेले. दुसरं बाळंतपण सासरी, ठाकूरद्वारला. सासूबाई ललिता रोज ऐकवायच्या, "आमच्याकडे सगळ्यांचं नॉर्मल झालं हो. वन्सं तर टॅक्सीतून उतरल्या आणि मोकळ्या झाल्या."

पण अंबिकाला स्वतःलाच ते हवं होतं. नवऱ्याला म्हणाली, "स्पृहाला मी तिसऱ्या दिवशी हातात घेतलं, हितेंद्र. हे तरी लगेच घेऊ दे ना."

गिरगावातले डॉक्टर म्हणाले, "सिझरनंतर नॉर्मल होऊ शकतं. पुष्कळजणींचं होतं. पण आत छेद आडवा होता की उभा, ते कळल्याशिवाय नाही; उभा कळांनी उसवतो. जुना कागद आणा."

कागद डोहाळजेवणाला येणारच होता. राधाबाईंनी ओटीच्या सामानाबरोबर पिशवीत घातलाही होता. पण ललिताबाईंनी आमंत्रण फोनवर केलं, घरी जाऊन कुंकू लावून नाही. राधाबाई फोनवरच म्हणाल्या, "मी काय जेवायला आसुसलेय?" आणि पिशवी खुंटीला अडकवली.

अंबिका नवऱ्याच्या मागे लागली, "जाऊन घेऊन ये ना."

"मी जाऊन नाक घासू? माझ्या आईला काय काय बोलल्या त्या."

अर्ध्या तासाचा रस्ता. दोन महिने कोणी गेलं नाही, फोनही केला नाही.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हितेंद्र म्हणाला, "कागद बघितला मी. आडवाच आहे."

"नीट वाचलात?"

"हो."

त्याने बघितलं होतं मला. सकाळी, ती साडी नेसत होती तेव्हा. अंबिकाने त्याच्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. तिलाही ते खरं हवं होतं. डॉक्टरांनी माझ्यावर बोट फिरवलं. "छान भरलाय," म्हणाले. मी हसल्यासारखा पडून होतो. तोंड असतं तर चावलो असतो.

कळा भर दुपारी सुरू झाल्या. आधी येत-जात होत्या. मग एक आली ती गेलीच नाही. आत भाऊ वरपासून खालपर्यंत उसवला. बाळाचे ठोके उतरत गेले. धावपळ झाली, मला पुन्हा कापलं. मी आडवा आलो नाही, पात्याला लगेच वाट दिली. मुलगा होता. रडला नाही. रक्त थांबेना, तेव्हा गर्भाशय काढलं. माझा भाऊ ट्रेमधून गेला. अंबिका जगली.

संध्याकाळी राधाबाई कागद घेऊन धावत आल्या. डॉक्टरांनी उभ्याने वाचला आणि हितेंद्रच्या हातात दिला. तो भिंतीकडे तोंड करून बसला. दोन्ही विहिणी एकाच बाकावर रडत होत्या. आता कुंकवाचं कोणाला आठवत नव्हतं.

माझ्यासारखा वण कोणाच्या पोटावर दिसला तर त्याला विचारू नका. त्याला माहीत नसतं. कागद मागा. नाक घासावं लागलं तर घासा.

चौथ्या दिवशी स्पृहाला आत सोडलं. "बाळ कुठंय?" तिने विचारलं. अंबिकाने हात पसरले. पोरगी पलंगावर चढली आणि तिचा गुडघा नेमका माझ्यावर पडला. टाके ओले होते. मी ओरडलो असतो तर अंबिकाने तिला ढकललं असतं. मी टाके आवळून पडून राहिलो. पोरगी आईच्या कुशीत झोपून गेली.