व्याहीबुवांची हाफ पँट

ओरेस्तेचं हॅम-चीजचं दुकान व्हॅटिकनच्या भिंतीला इतकं चिकटून होतं, की पोपसाहेब आत शिंकले तर यानं गल्ल्यावरूनच त्यांना आयुष्य चिंतावं. आणि तरी साठी उलटेपर्यंत हा पठ्ठ्या भिंतीपलीकडच्या संग्रहालयात एकदाही गेला नव्हता. अस्सल रोमकराचं हे असंच असतं. घरचंच तर आहे, पळून थोडंच जातंय, असं म्हणत तो जन्म काढतो.

ओरेस्तेला तर बोलवायला बाप होता. म्हातारा गवंडी. त्याच संग्रहालयातल्या सिस्टीन चॅपलचं चित्रांनी रंगवलेलं छत साफ करायला काढलं तेव्हा परांच्या बांधायला गेलेला. जेवायला बसला की दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरायचा. "हे देवाचं बोट, हे आदामाचं. मधे एवढीशी जागा. तिथं मी माझं बोट धरून आलोय, ओरे! बरोब्बर बसतं. चल, तुला खालून दाखवतो."

"उद्या जाऊ, बाबा," ओरेस्ते म्हणायचा. उद्या उद्या करता म्हातारा गेला. तेव्हापासून ओरेस्तेच्या मनाला ते लागून राहिलं होतं. पण लाज वाटते हे कबूल कोण करणार? कुणी गिऱ्हाईक विचारू लागलं, की तो बापाच्याच गोष्टी स्वतःच्या म्हणून ठोकून द्यायचा. "सिस्टीन? शंभरदा पाहिलंय!"

मुलीचं लग्न ठरलं आणि बेर्गामोहून व्याही-विहीण आले. ओरेस्तेनं छाती पुढे काढून सांगितलं, "मी स्वतः दाखवतो तुम्हाला." मनातून तो हरखला होता. व्याह्यांना दाखवायचं निमित्त, आणि आपण गुपचूप ती जागा पाहून घ्यायची. नवी पँट इस्त्री करून घेतली. तिकिटं आगाऊ काढली. बायको एर्सिलिया सगळं ओळखून होती. ती आपली चर्चच्या बायकांबरोबर दोनदा जाऊन आली होती.

दारावर पहारेकऱ्यानं व्याह्यांकडे बोट दाखवलं. "गुडघे झाका."

एव्हारिस्तो व्याही उन्हाळा म्हणून हाफ पँट घालून आले होते. समोर रस्त्यावर एक बाई ओढण्या विकत होती, पण तिच्याकडे उरल्या होत्या त्या सगळ्या पिवळ्या लिंबांच्या छापाच्या.

"ते मी गुंडाळू?" व्याही कडाडले. "डोंगरी पलटणीत होतो मी! नाही पाहिलं तुमचं चॅपल तरी चालेल."

विहीणबाईंचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात एर्सिलिया गोड आवाजात म्हणाली, "ओरेस्ते, तूच दे की तुझी पँट. तू काय, शंभरदा पाहिलंयस." आणि डोळे बारीक करून नवऱ्याकडे बघत राहिली. अजून वेळ आहे, खरं बोल मेल्या, असं ते डोळे सांगत होते.

खरं बोलायचं, म्हणजे व्याह्यांसमोर नाक कापून घ्यायचं. "हो हो, घ्या ना!" ओरेस्ते म्हणाला.

समोरच्या कॅफेच्या मोरीत अदलाबदल झाली. व्याही काठीसारखे, ओरेस्ते आपल्याच दुकानातल्या हॅमसारखा. त्याची पँट व्याह्यांनी कमरेशी मुठीत धरून ठेवली. त्यांच्या हाफ पँटचं वरचं बटण ओरेस्तेला काही केल्या लागेना, खालचं कसंबसं अडकलं.

"आत मुख्य काय बघायचं, तेवढं सांगून ठेवा," निघताना व्याही म्हणाले.

"छतावर देवाचं आणि आदामाचं बोट आहे ना," ओरेस्ते सवयीनं सांगून गेला, "मधली जागा बघा. आपलं बोट बरोब्बर बसतं तिथं."

मंडळी आत गेली. ओरेस्ते पायरीवर बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं. बाबांची जागा. ती आपण व्याह्याला देऊन बसलो, वर पँटही आपलीच. त्याला स्वतःचा असा राग आला, की तो ताडकन उठला. उरलंसुरलं बटण तुटलं.

"बाई, द्या ती एक लिंबांची."

ओढणीची लुंगी गुंडाळून, आपलं तिकीट घेऊन तो दारावर आला. पहारेकरी रोज त्याच्याकडूनच सँडविच नेणारा. "काय शेठ, आज हे काय?"

"गुडघे झाकलेत ना? मग सोड."

जन्मात पहिल्यांदा आत आलेला हा माणूस एका हातानं लुंगी सावरत संगमरवरी देवांसमोरून पळाला, गालिच्यांसारख्या चित्रांसमोरून पळाला, भिंतभर रंगवलेल्या नकाशांसमोरून पळाला. जगभरची माणसं जिथं तासन् तास रेंगाळतात तिथं त्यानं मान वळवली नाही. चॅपलमध्ये गर्दी होती. मधोमध व्याही दिसले, एका मुठीत पँट, मान वर.

"तुम्ही?" ते चकित झाले. लिंबांवरून त्यांची नजर वर आली. "तुम्ही तर शंभरदा..."

"एकदाही नाही!" ओरेस्ते धापा टाकत म्हणाला. "थापा मारत होतो मी. एकदाही नाही."

"शांतता!" रखवालदार ओरडला.

ओरेस्तेनं वर पाहिलं. एक डोळा मिटला. हात उंच करून आपलं जाडजूड बोट त्या दोन बोटांच्या मधे धरलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सरकवलं. मग बसलं.

"बाबा, बसतंय हो!" तो मोठ्यानं म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. एर्सिलियानं सुटत चाललेली लुंगी मागून घट्ट धरली.

"शांतता!" रखवालदार गर्दीतून वाट काढत आला.

व्याही मधे उभे राहिले. "जरा थांबा हो," ते हळूच म्हणाले. "ते वडिलांशी बोलतायत."