शेवटच्या बाकाशेजारचं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर मी नववीच्या वर्गात, शेवटच्या बाकाशेजारी होतो. आमच्या मुख्याध्यापिका शमिकाबाई माझ्यावर बसून नव्या अभय सरांचा तास ऐकत होत्या. शिपाई निलेश दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "शालनबाई गेल्या. सकाळीच."

सरांचा खडू थांबला. शमिकाबाई उठल्या नाहीत. "उदाहरण पुरं करा, सर," त्या म्हणाल्या, "मग मुलांना सांगू." ही शालनबाईंचीच सवय. चालू तास त्यांनी कधी मोडला नाही.

जयगडच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा आहे. गंगाराम सुतारांची मुलगी इथे शिकायची, म्हणून त्यांनी मला फणसाच्या लाकडातून घडवलं. त्यांच्या हातून माझा एक पाय बोटभर आखूड झाला. ते ओशाळले. तेव्हाच्या मुख्याध्यापिका शालनबाई माझ्यावर बसून पाहत म्हणाल्या, "राहू द्या, गंगारामभाऊ. तासाला डुलकी लागायची नाही."

ऑफिसात गादीची खुर्ची होती. बाई तिच्यावर सह्यांपुरत्या बसत. एरवी मला काखोटीला मारून वर्गावर्गात जात.

शमिकाबाई त्या वेळी नवख्या होत्या. गणित पक्कं, पण नववीच्या गोंगाटात त्यांचा आवाज रडवेला व्हायचा. एका दुपारी त्यांनी राजीनामा लिहून बाईंपुढे ठेवला. बाईंनी समजूत घातली नाही. कागदाची घट्ट घडी केली, माझ्या आखूड पायाखाली लावली आणि वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून चार खिळे ठोकले.

"आठ दिवस असू दे इथे. नंतर मागितलास तर संस्थेकडे पाठवते."

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन नववीत मागे बसल्या. दर्शन नावाचा वाह्यात मुलगा वळून म्हणाला, "बाई, नापास झालात काय?"

"होय रे, गणितात. म्हणून परत बसलेय."

वर्ग हसला. शमिकाबाईंचे कान लाल झाले. थोड्या वेळाने बाईंनी हात वर केला. "मला ही पायरी नाही कळली. परत सांगता?"

शमिकाबाईंनी सावकाश परत सांगितली. बाईंना ती आधीच कळली होती. त्यांच्या निवांत बसण्यावरून मी ओळखलं. मग दर्शनचा हात वर आला. "बाई, मलापण नाय कळली."

मग रोज एखादा हात वाढत गेला आणि गोंगाट ओसरला. बाईंनी उपदेश केला नाही. फक्त एकदा व्हरांड्यात म्हणाल्या, "आज मलाही मजा आली हो."

नववा दिवस उजाडला. कागद कुणी मागितला नाही. त्याला चौदा वर्षं झाली.

शोकसभेनंतर कुणी सुचवलं, बाईंची आठवण म्हणून मला ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवावं. शमिकाबाई नको म्हणाल्या आणि मला उचलून सातवीच्या वर्गात गेल्या. मीही तेच मागितलं असतं. आखूड पायाच्या मला बाईंनी अडगळीत टाकलं नाही, रोज कामाला लावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे जो कुणी या शाळेचा मुख्याध्यापक होईल, त्यानेही मला मागच्या बाकाशेजारीच ठेवावं.

तो कागद आपण का मागितला नाही, हे बाईंच्या घरी जाऊन एकदा सांगायचं, असं शमिकाबाई निलेशला दोनदा म्हणाल्या होत्या. ते सांगायचं राहिलं.