नंबर सांगा

"नंबर सांगा," आई म्हणाली, आणि पलीकडून टक् करून फोन ठेवला गेला.

"परत?" शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं.

"ठेवायचाच असतो तर उचलतात कशाला मेले!" आईनं बोर्डातली दोरी उपसून जागेवर सोडली.

सारी नोकरी तिनं टेलिफोन ऑपरेटर म्हणून या बोर्डासमोर काढली होती. एक्स्चेंज बंद पडलं आणि बोर्ड संग्रहालयात आला. आता दालनादालनांत एकेक जुना काळा फोन ठेवून सगळ्यांच्या तारा या बोर्डाला जोडल्या होत्या. आज विद्यापीठाची मुलं आली होती. त्यांच्या मॅडमनी मोबाइल टोपलीत जमा करून घेतले आणि काम दिलं: आपल्यासमोरची वस्तू फोनवरून सांगायची, दुसऱ्या दालनातल्यानं ती न बघता कागदावर काढायची.

"काकू, आज जमलं तर दर तुकडीला तुम्हाला बोलावू," संग्रहालयाचे साहेब सकाळी म्हणाले होते. "नाही जमलं, तर बोर्डाला काच लावून टाकतो."

तेव्हापासून आई पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

बोर्डावर पुन्हा दिवा लागला; कुणी फोन उचलला की तो लागायचा, जोडून दिलं की विझायचा. "नंबर सांगा." टक्.

लेक उठून शेजारच्या दालनात डोकावली. तिथं एक मुलगा मित्रांना समजावत होता, "अरे, रेकॉर्डिंग आहे. आता एक दाबा, दोन दाबा म्हणेल. आणि याला बटणंच नाहीयेत!"

लेक हसत परत आली. "आई, त्यांना तू यंत्र वाटतेस."

"यंत्र? मी?"

पण चूक मुलांची नव्हती. ऑपरेटरच्या आवाजात घरचं काही उतरता कामा नये, हे आई पहिल्याच महिन्यात शिकली होती. लेकीचे बाबा गेल्यानंतर ती कामावर परतली, त्या सकाळीही 'नंबर सांगा' तितकंच सपाट निघालं होतं. सुपरवायझरनं त्याबद्दल शाबासकी दिली होती.

"जरा घरी बोलतेस तसं बोल ना."

"बोर्डावर? वेड लागलंय का तुला?"

दिवा लागला. आईचा हात थबकला. मग तिनं दोरी खुपसली.

"नंबर सांगा. आणि ठेवशील तर बघ! जिवंत बाई बसलीय इथं."

या वेळी टक् झालं नाही. मग चाचरत आवाज आला, "तुम्ही... खऱ्या आहात?"

"इकडे ये, चिमटा काढून दाखवते. कुठला नंबर हवाय, बाळा?"

"तीन द्या ना, काकू!"

बातमी दालनांतून पळाली असावी. पाहता पाहता बोर्डभर दिवे लागले. आईचे हात धावू लागले, एक दोरी इकडे, दुसरी तिकडे, वरून तोंडाचा पट्टा.

"थांब रे, तुझ्या आधी ती आहे. घाई कसली, ती वस्तू कुठं पळून जातेय?"

"काकू, हिला सांगा ना, ती वाटी नाही, दिवा आहे!"

"तूच सांग. नीट सांगितलं असतंस तर दिवा काढला असता तिनं!"

मॅडमनीही फोन उचलला. "मलाही जोडून द्या हो, कुणालाही."

साहेब दारात येऊन उभे राहिले. "काकू, पुढची तुकडी सोमवारी आहे..."

"थांबा हं," मागं न बघता आई म्हणाली, "लाइनवर आहे मी." साहेब निमूटपणे थांबले.

शेवटची दोरी बसली. एकूण एक दिवा विझला, बोर्डावर नुसतं दोऱ्यांचं जाळं. सगळे सगळ्यांशी बोलत होते. आईनं कानांवरचा हेडफोन काढून ठेवला.

"ऐक ना जरा काय बोलतायत ते," लेक कुजबुजली.

"छे! जोडून दिलं की आपलं काम संपलं."

वरच्या दालनातून हशा उसळला. आईनं तिकडे मान वळवली नाही. हात मांडीवर ठेवून, ताठ बसून, ती विझलेल्या दिव्यांकडे बघत राहिली.