शून्य आणि रिकामा चौकोन

नदीच्या तक्त्यासाठी मी मुलांना एकच नियम घालून दिला होता. शोधलं आणि सापडलं नाही, तर शून्य. शोधताच आलं नाही, तर चौकोन रिकामा.

"कोरं सोडलं की आई ओरडते, बाई," टिपकागद म्हणाली होती. सांगितलेलं सगळं शोषून घेते म्हणून वर्गाने तिचं हे नाव पाडलेलं.

"आईला सांग, नदी पेपर तपासत नाही."

दर पंधरवड्याला आम्ही शाळेमागच्या उथळ काठावर जायचो. मुलं आठ ठरलेल्या जागी दगड उलटायची, तीन शेपट्यांचे किडे पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन मोजायची. हे किडे घाण पाण्यात टिकत नाहीत. गेल्या खेपेला मात्र वरच्या अंगाला यंत्र गाळ उपसत होतं. पाण्यात बुडवलेला स्वतःचा हात दिसेना. मुलांनी तरीही जाळी धरली आणि आठही चौकोनांत शून्य लिहिलं. मी घाईत सही केली आणि नेहमीप्रमाणे तक्ता नदीच्या कार्यालयात पाठवून दिला.

आज त्याच कार्यालयात, हरकत नोंदवायच्या शेवटच्या दिवशी, अभियंत्यांनी तो तक्ता माझ्यापुढे सरकवला. टिपकागदही माझ्यासोबत आली होती. काठावर काँक्रीटची भिंत येणार होती.

"जिवंत काही नाही, असं तुम्हीच लिहिलंय. सही तुमचीच ना?"

"आधीचे अकरा तक्ते बघा. प्रत्येकात किडे आहेत."

"शेवटची नोंद धरतात, बाई. नियम आहे." माणूस वाईट नव्हता. त्यांनी टिपकागदला स्वतःची खुर्ची दिली होती. "मीही तिथेच पोहायला शिकलो. पण माझ्या हातात काय आहे?"

"सर, पाणी गढूळ होतं," ती म्हणाली. "काही दिसतच नव्हतं."

"मग तसं लिहायचं ना, बाळा."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तसं नोंदवून घ्या."

त्यांनी हरकतीचा अर्ज उलटसुलट करून पाहिला. "चुकीसाठी रकाना नाही हो यात."

जिन्यात टिपकागदने वही उघडली. पुढच्या खेपेचा तक्ता तिने पट्टीने आधीच आखून ठेवला होता.

"बाई, भिंत झाल्यावर काय लिहायचं?"

"शोधता आलं नाही तर रिकामं."

"आठही?"

"आठही."

तिने पेन्सिल पुन्हा दप्तरात टाकली.