बंद खिडक्यांच्या खोलीतला लहरमापक

मित्रांनो, विटेएवढा एक पिवळा डबा, त्यातून वर निघालेली दांडी आणि दांडीच्या टोकाला काळा चेंडू, असं काही तुम्ही कुणाच्या हातात पाहिलंत तर खुळखुळा समजून हसू नका. तो मी असेन. मी आता म्हातारा झालेला लहरमापक आहे. मोबाइलच्या टॉवरमधून, इंटरनेटच्या डब्यांमधून आणि कारखान्यातल्या काही यंत्रांमधून ज्या लहरी निघतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि कानांना ऐकू येत नाहीत. त्यातल्या माणसांच्या अंगापर्यंत किती पोचतात, ते मोजणं हे माझं काम. कुणाला कुणाचा संशय आला की मला बोलावणं यायचं. त्यामुळे सरळ नजरेनं माझ्याकडे बघणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात एक विचित्र खोली होती. तिच्या भिंतींवर, छतावर काळ्या स्पंजाचे टोकदार सुळके लावलेले होते. बाहेरची लहर आत येऊ नये आणि आतली भिंतीवर आपटून परत फिरू नये, अशी ती व्यवस्था. तिथे माझ्यासमोर ठरावीक ताकदीची लहर सोडायची आणि मी खरं बोलतो की नाही ते बघायचं, असं पुन्हा पुन्हा केलं गेलं. दर वर्षी मला त्याच परीक्षेला परत पाठवायचे. ज्यानं दुसऱ्याचं खरंखोटं करायचं, त्याच्यावरही कुणी आंधळा विश्वास ठेवत नसतं, हे मला तिथेच कळलं.

पुढे मी आरोग्य खात्याच्या एका कचेरीत आलो आणि तपासनीस बाईंच्या हाताखाली लागलो. बाई सडपातळ, कमी बोलणाऱ्या आणि जात्याच संशयी. "पहिल्या आकड्याला मी ओळख देत नाही," असं त्या म्हणायच्या. जागा बदलून, वेळ बदलून त्या पुन्हा मोजायच्या. त्यांच्याबरोबर मी पुष्कळ फिरलो. एका आजोबांना वाटायचं की शेजारी भिंतीतून लहरी सोडून त्यांची झोप उडवतो. प्रत्यक्षात शेजाऱ्याकडे एक जुनाट पंखा होता आणि तो रात्रभर कण्हत असायचा. एकदा मात्र प्लॅस्टिकची आवरणं चिकटवणाऱ्या एका यंत्रासमोर माझा आकडा असा उसळला, की बाईंनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि यंत्र बंद करवलं. तिथल्या कामगारांनी मला हातोहात फिरवून पाहिलं, माझं फार कौतुक केलं. त्या दिवसापासून मी थोडा फुगलो. धोका म्हटला की तो मला कळणारच, असं मी धरून चाललो.

मग एका दुमजली घरातून बोलावणं आलं.

वरच्या मजल्यावर थोरला भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे थोरली, राहत. खालच्या मजल्यावर धाकट्याचा संसार. धाकटा मालाची गाडी चालवायचा, त्यामुळे बहुतेक दिवस बाहेरगावी असायचा. घरी त्याची बायको, म्हणजे धाकटी, आणि नुकतीच कॉलेज संपवलेली लेक. लेक बडबडी, म्हणून घरात तिला सगळे चिमणी म्हणत. मायलेकी मागच्या खोलीत बसून एका कारखान्यासाठी चपलांचे पट्टे चिकटवायच्या.

थोरल्यानं गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू दिला होता आणि तेव्हापासून धाकटीच्या घरात दुखणी सुरू झाली होती. आधी दोघींची डोकी दुखू लागली. मग चिमणीला मळमळू लागलं, जेवणावरची वासना उडाली. पुढे पुढे तिच्या पावलांना मुंग्या येऊ लागल्या. एक दिवस ती जिना उतरून खाली आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पलच नव्हती. चप्पल वरच्या पायरीवर निसटून राहिली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. डॉक्टरांनी अशक्तपणा आहे असं सांगून ताकदीच्या गोळ्या दिल्या. धाकटीला त्या गोळ्यांचाही संशय आला.

टॉवरबद्दल तिच्या मनात शंका उरलीच नव्हती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की चकचकीत पत्र्याच्या कागदातून लहरी आत येत नाहीत. म्हणून तिनं मागच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना आतून तो कागद चिकटवला होता. वरच्या झरोक्यात चिंध्या कोंबल्या होत्या. तरी डोकेदुखी वाढली, तेव्हा टॉवरवाल्यांनी जोर वाढवला असं तिनं ठरवून टाकलं. वरची माणसं टॉवरच्या अगदी खाली राहूनही ठणठणीत होती, याचाही अर्थ तिनं लावला होता. टॉवरवाल्यांनी त्यांना लहरी चुकवून बसायच्या जागा आधीच सांगून ठेवल्या असणार, असं ती म्हणायची.

थोरलीचा संशय वेगळाच होता. गच्चीच्या भाड्यात वाटा मिळावा म्हणून पोरीला आजारी पाडलंय, असं ती शेजारणीला म्हणाली होती. ते खाली पोचायला वेळ लागला नाही. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं.

बाई पहिल्यांदा गेल्या त्या थेट गच्चीवर. तिथे त्या माझा आकडा घेत असताना थोरलीनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला. धाकटीनं अंगणातून तो कप पाहिला. मग आम्ही खाली आलो. पुढची खोली झाडून ठेवलेली होती, दार सताड उघडं. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी मायलेकींनी काम बंद ठेवलं होतं आणि डबे झाकून टाकले होते. बाईंनी मला पुढच्या खोलीत धरलं, मागच्या खोलीत फिरवलं, चिमणीच्या उशीपाशी नेलं. सगळीकडे माझा आकडा घालून दिलेल्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहिला. बाईंनी तसं सांगितलं.

धाकटी थंडपणे म्हणाली, "वरती चहा घेतला की आकडा खाली येतो वाटतं."

मग धाकटीनं स्वतःचा मोबाइल माझ्या चेंडूला टेकवला आणि नवऱ्याला फोन लावला. माझा आकडा झटकन वर चढला. ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "म्हणजे बोलता येतं याला. मग टॉवरपुढेच कशी दातखीळ बसते?"

मित्रांनो, मला फार लागलं. मी खरं तेच सांगत होतो. टॉवरवरच्या लहरी सोडणाऱ्या उभ्या पट्ट्या विजेरीसारख्या समोर झोत टाकतात, पायाखाली फार थोडं सांडतं. बाईंनी ते समजावून सांगितलं, पण धाकटी भिंतीकडे बघत राहिली. त्याहून वाईट म्हणजे, बाईंनाच माझा संशय आला. पुढच्या खेपेला त्यांनी दुसऱ्या कचेरीतून दुसरा मापक मागून आणला आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी धरलं. तोही माझ्यासारखंच बोलला. मला वाटलं, आता तरी प्रकरण मिटेल.

बाईंच्या मनातून मात्र चिमणीची चप्पल जात नव्हती. परतीच्या वाटेवर त्या स्वतःशीच म्हणाल्या, की आपण घर मोजलं, मुलगी मोजली नाही. आपण गेलो की ती वेगळी वागते, खोली वेगळी असते. मग पुन्हा त्या घरी जाऊन त्यांनी चिमणीला विचारलं, की एक दिवस हा डबा तुझ्यासोबत ठेवशील का? जिथे जाशील तिथे न्यायचा आणि रोजचं काम रोजच्यासारखंच करायचं. चिमणी हो म्हणाली.

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळीच चिमणीनं मला एका पिशवीत घालून खुर्चीच्या पाठीला अडकवलं. मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागत होता, कारण कागदानं उजेड अडवला होता. दार लोटलेलं होतं. दोघींच्या मध्ये एक उघडा डबा होता आणि त्यात पट्टे चिकटवायचा पातळ गोंद. त्याला सगळे सोल्यूशन म्हणतात. ब्रश बुडवायचा, पट्ट्याला फासायचा, फुंकर मारायची, चपलेच्या तळव्यावर दाबायचा. फुंकर मारायला चिमणी पार वाकायची. आधी ती मला टॉवरच्या गोष्टी सांगत होती. आता तरी खरं सांग रे, असंही म्हणाली. हळूहळू तिची बडबड थांबली. तिनं दोनदा कपाळ दाबलं. आईनं विचारलं, "सुरू झालं?" ती म्हणाली, "सुरू झालं." आईनं छताकडे बघून टॉवरला शिव्या घातल्या आणि खिडकीच्या कागदाची सुटलेली कड पुन्हा दाबून बसवली.

मी मनापासून मोजत होतो. छोटे छोटे आकडे, एकामागून एक. धोका माझ्याभोवती खोलीभर पसरला होता आणि मी मात्र सगळं ठीक असल्याचं नोंदवत होतो. मला नाक नाही, मित्रांनो.

बाई संध्याकाळी येणार होत्या. त्या मुद्दामच दुपारी आल्या आणि थेट मागच्या खोलीचं दार ढकललं. उंबऱ्यातच त्यांचे डोळे चुरचुरले. त्यांनी पदर नाकाला लावला.

"हा वास रोज असतो?"

"कसला वास?" धाकटीनं विचारलं. रोजच्या सवयीनं तिला तो खरंच येत नव्हता.

बाईंनी खिडक्यांकडे पाहिलं, झरोक्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "या खिडक्या कधीपासून बंद आहेत?"

"टॉवर लागल्यापासून."

"आणि डोकं कधीपासून दुखतंय?"

"टॉवर लागल्यापासूनच. तेच तर पहिल्या दिवसापासून सांगतेय." एवढं बोलून धाकटी थांबली. तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला. सोल्यूशनचा एक थेंब तिच्या साडीवर पडला.

बाईंनी लगेच दोघींना अंगणात बसवलं. पुढच्या आठवड्यात त्यांचे एक सहकारी आले. त्यांनी एक बारीक नळी चिमणीच्या खांद्यापाशी अडकवली, तिला मागच्या खोलीत थोडाच वेळ रोजच्यासारखं काम करायला लावलं आणि ती श्वासातून घेत असलेल्या हवेचा नमुना नेला. त्या नळीला जे कळलं ते मला कधीच कळलं नसतं. सोल्यूशनमधून उडणारी वाफ त्या कोंडलेल्या खोलीत भलतीच साचत होती. तिच्यानं आधी डोकं धरतं आणि पुढे पायांच्या नसा बधिर होतात. नसांच्या डॉक्टरांनी चिमणीचे पाय तपासले. या वाफेपासून दूर राहिली तर बरी होईल, पण वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं.

धाकटी अंगणातल्या पायरीवर बसून होती. ती रडली नाही. "माझ्याच हातांनी लावला तो कागद," एवढंच म्हणाली.

बाई तिच्या शेजारी बसल्या. त्या म्हणाल्या, "खोलीत काहीतरी आहे आणि पोरीला त्रास होतोय, हे सगळ्यात आधी तुम्हीच सांगितलंत. सगळे नाही म्हणत होते तरी तुम्ही मागे हटला नाहीत. म्हणून मी इथे पुन्हा आले."

त्याच वेळी आतून खरखर ऐकू येऊ लागली. थोरली केव्हा खाली आली ते कुणालाच कळलं नव्हतं. ती मागच्या खोलीत उलथनं घेऊन खिडकीचा कागद खरवडत होती. धाकटी उठून आत गेली आणि दुसऱ्या खिडकीला लागली. संपूर्ण कागद निघाला तेव्हा थोरली म्हणाली, "पोरीबद्दल मी वाईट बोलले." धाकटीनं झरोक्यातल्या चिंध्या काढायला स्टूल पुढे सरकवलं आणि ते थोरलीनं धरलं.

कारखान्याला बाईंनी कळवलं आणि त्यांना गोंद बदलायला लावला. काम मोकळ्या हवेत करायचं ठरलं. पण त्या घरात सगळ्यात मोकळी जागा म्हणजे गच्ची, टॉवरच्या पायाशी. थोरलीनं आपली कपडे वाळत घालायची दोरी काढून जागा करून दिली. धाकटी वर जायला तयार होईना. शेवटी म्हणाली, की आकडा मी स्वतः बघणार. बाईंनी मला तिच्या हातात दिलं. तिनं गच्चीचा कोपरा न् कोपरा मोजला. टॉवरच्या पट्ट्यांसमोर साखळी लावलेली होती, तिच्याजवळ माझा आकडा चढायला लागला. बाईंनी स्पष्ट सांगितलं, की म्हणूनच साखळी आहे, हिच्या पलीकडे कुणीही जायचं नाही. ते ऐकून धाकटीला एकदम बरं वाटलं. धोका कुठेच नाही असं सांगणाऱ्यापेक्षा कुठे आहे ते दाखवणारा माणूस तिला पटला. ती दूरच्या टोकाला बसू लागली. टॉवरकडे पाठ मात्र तिनं कधी केली नाही.

चिमणीच्या पावलांत जाणीव परत यायला बरेच महिने गेले. तिनं ते काम सोडलं आणि एका दुकानात हिशेबाची नोकरी धरली. जिना उतरताना ती अजूनही खाली बघते, असं बाई सांगायच्या.

पुढे बाई निवृत्त झाल्या. रंगीत पडद्याचा नवा मापक आला आणि मी कपाटात गेलो. माझ्या पोटातले सेल काढायचं कुणाला सुचलं नाही. ते आतल्या आत पाझरले आणि त्यांनी माझी एक तार खाल्ली. आता मला सुरू केलं तर मी काहीही सांगतो. नव्या तपासनिसांना शिकवताना मला टेबलावर ठेवतात आणि यंत्र कसं बिघडतं ते दाखवतात.

तेव्हा मित्रांनो, वापरात नसलेल्या यंत्रातले सेल काढून ठेवत जा, एवढं माझ्यासाठी करा. संशय आला तर लाजू नका. विचारा, मोजून घ्या आणि मोजणाऱ्यालाही तपासा. आणि घरातलं कुणी म्हणालं, की मला या खोलीत बरं वाटत नाही, तर त्याला हसू नका, त्याच्याशी वादही घालू नका. तो जिथे बसतो तिथे, तो बसतो त्या वेळी, दार लोटून त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. यंत्र मागाहून आणलं तरी चालेल.