योहान साहेबांना न दिलेला आवाज

योहान साहेब दिसायच्या आधी त्यांचा गुडघा ऐकू यायचा. अंबरनाथच्या आमच्या कारखान्याच्या लोखंडी जिन्यावरून ते उतरू लागले की दर पायरीला बारीकसा कट् आवाज होई आणि टूलरूममधले आम्ही सगळे एकदम कामसू होत असू. नोव्हेंबरच्या कलत्या उन्हात त्यांचे पिंगट केस पिकल्या भातासारखे दिसत. त्याच सुमारास बदलापूरकडून कापणीचा वासही येई, म्हणून असेल, पण ऐंशीच्या दशकातले ते हिवाळे मला अजून त्यांच्याच रंगाचे आठवतात.

जर्मनीहून ते यंत्रं बसवायला आले होते. त्याआधी बारा वर्षं तिकडच्या एका लहान शहराच्या फुटबॉल संघात बचावाला, म्हणजे बॅकला, खेळले. बारा वर्षांत स्वतः एकही गोल केला नाही, हे ते अभिमानाने सांगत. दुसऱ्याचं होऊ घातलेलं यश शांतपणे अडवावं आणि टाळ्या पडायच्या आत मागे वळावं, हा त्यांचा स्वभावच होता. यंत्राजवळही ते तसेच उभे राहत, किंचित वाकून, हात मागे, काहीतरी बिघडणार हे आधीच ठाऊक असल्यासारखे. गुडघ्याने त्यांना मैदानाबाहेर काढलं होतं. तरी आमचा कारखान्याचा फुटबॉल संघ सरावाला उतरला की स्वारी अर्ध्या चड्डीत हजर.

मी संघाचा गोलकीपर, आमच्या भाषेत गोली. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: बॅकची नजर पुढे असते, पाठीमागचं त्याला गोलीच्या आवाजातून दिसतं, चेंडू घ्यायला पुढे येणार असशील तर ओरड. मी अदबीने ‘सोडा, साहेब’ म्हणायचो. ‘साहेब’ म्हणून होईपर्यंत चेंडू जाळ्यात. ते हसत आणि पुन्हा ओरडायला लावत. हळूहळू सरावात जमू लागलं.

एकदा उल्हासनगरच्या कॅम्प पाच वस्तीतल्या पोरांशी सामना होता. आमचा बॅक तापाने पडला, म्हणून साहेब स्वतः उतरले. कडेला खुर्च्यांवर मॅनेजर सहकुटुंब बसलेले. शेवटी शेवटी एक उंच चेंडू आला. मी पुढे धावलो, तोंड उघडलं. पण एवढ्या मोठ्या माणसावर, वरिष्ठांदेखत, खेकसायचं? जीभ रेटली नाही. ते चेंडूवर नजर ठेवून मागे सरकले आणि मी सगळ्या वजनानिशी त्यांच्या गुडघ्यावर आदळलो. चेंडू आमच्याच जाळ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तो कबूल करायचं ठरवूनच. पाय प्लास्टरमध्ये होता. माझा हात धरून तेच आधी बोलले, “तू आवाज दिया. मैं सुना नहीं.”

मी मान डोलावली. तेवढ्या एका होकाराची लाज मला आजही वाटते.

कुबडी घेऊन ते मायदेशी परतले. नव्वदनंतरही त्यांची पत्रं येत राहिली. एकात लिहिलं होतं: गावच्या मुलांना शिकवायला बोलावलं होतं, नकार दिला, ज्याला आपला गोली ऐकू येत नाही, त्याने मैदानावर जाऊ नये. मी तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं लिहून पाकीट चिकटवलं. मग एके वर्षी त्यांच्या मुलीचं पत्र आलं, ते गेल्याचं.

काळ पुष्कळ पुढे निघून गेला. माझा शब्द मात्र अजून घशातच आहे. त्या सामन्यात त्यांचे कान शाबूत होते, हे ठाऊक असलेला जगात आता मी एकटाच उरलो आहे.