रोझेरची चोवीस तासांची लघवी

अ‍ॅल्युमिनियमच्या भट्ट्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या लघवीतून रक्त गेलं, तर आमच्या सागनेच्या खाडीकाठी कोणी फारसं दचकत नाही. पेन्शन सुरू झाल्याची ती दुसरी खूण मानतात. रोझेर माल्तेला ती खूण दिसली, तेव्हा त्याने आळ बिटाच्या लोणच्यावर घातला. बीट सोडून वर्ष उलटलं तरी रक्त थांबेना, मग तो डॉक्टरकडे गेला. तोवर मूत्राशयातला कॅन्सर फुप्फुसापर्यंत पोचला होता.

"औषधं दोन आहेत," डॉक्टर बूल्यान म्हणाल्या. वयाने त्या रोझेरच्या मुलीएवढ्या. "सिस्प्लॅटिन जास्त जोरकस, पण ते मूत्रपिंडांवर घाव घालतं. तुमची मूत्रपिंडं आधीच थकलेली आहेत, अगदी सीमेवर. तपासणीत ती कमी पडली, तर आपण कार्बोप्लॅटिन देऊ. ते सौम्य आहे, पण काम करतं."

यातला 'जोरकस' हा एकच शब्द रोझेरने घरी नेला. 'सौम्य' हे त्याच्या मते साबणाबद्दल बोलायचं विशेषण होतं.

तपासणी सोपी होती. पूर्ण एका दिवसाची लघवी एका कॅनमध्ये साठवायची, थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि कॅन थंड जागी ठेवायचा. दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं. दोन्हींच्या हिशेबातून मूत्रपिंडं किती काम करतात ते कळतं.

"आज घरातच बस," जिस्लेन नवऱ्याला म्हणाली.

"का? थंड जागी ठेवायला सांगितलंय ना? खाडीपेक्षा थंड जागा तुझ्या घरात आहे का?"

शनिवार होता. हिवाळ्यातल्या शनिवारी गोठलेल्या खाडीवरच्या आपल्या खोपीत जाऊन, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ टाकून बसायचं नाही, असं आमच्याकडे फक्त मयत माणसं करतात. रोझेरने कॅन घसरगाडीवर बांधला आणि निघाला.

खोपीत दोघं आधीच बसले होते. जिस्लेनचा भाऊ फेर्नां आणि नॉर्मां. तिघांनीही एकाच भट्टीवर एकाच शिफ्टमध्ये उमर काढलेली. दुपारी रोझेर बाहेर जाऊन आला, हात शेगडीवर धरले आणि एकदम म्हणाला, "मेलो!"

"काय झालं?"

"बर्फात केली. सकाळीही तिथेच केली की रे!"

"चाळीस वर्षांची सवय," नॉर्मां म्हणाला. "कॅन काय, राजवाडा दिला तरी तू बर्फातच जाशील."

रोझेर हसला नाही. हल्ली तो लवकर थकायचा. फळीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. फेर्नांने कॅन उचलून हलवून पाहिला.

"हा एवढाच नेला तर नापास होणार."

"मग?"

'मग' हा प्रश्न नॉर्मांने उगाच विचारला. भट्टीवर एखाद्याचं अंग दुखत असलं, आदल्या रात्रीची उतरली नसली, तर त्याच्या वाटचं काम बाकीचे गुपचूप उरकायचे. फोरमन आला की सगळं जागच्या जागी. अशी शिफ्ट भरून देणं हा आमच्याकडे उपकार नव्हता, शिष्टाचार होता. नॉर्मां पॅन्टचं बटण काढत उठला.

"तू बस," फेर्नां म्हणाला. "तुझ्यात साखर आहे. पकडले जाऊ."

"वा! म्हणजे आता लघवीलाही लायकी लागते?"

"लागते. तू मासे बघ."

संध्याकाळपर्यंत फेर्नांने बियर पिऊन कर्तव्य बजावलं. रोझेर उठला, घरी निघताना त्याने कॅन उचलला आणि थबकला. ज्या माणसाची धार महिनोन्‌महिने अडखळत होती, त्याला आपलं माप ठाऊक असतं. त्याने फेर्नांकडे पाहिलं. फेर्नां भोकातल्या पाण्याकडे पाहत होता. रोझेरने कॅन घसरगाडीवर बांधला. भट्टीवरही अशा वेळी कोणी आभार मानत नसे.

तो पास झाला. "अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगली निघाली," बूल्यानबाई हसून म्हणाल्या. त्या दिवशी जिस्लेनने मांस भरलेली पेस्ट्री भाजली आणि भावाला मोठा तुकडा वाढला. फेर्नांने तो संपवला, दुसरा मात्र घेतला नाही.

जोरकस औषध नावाला जागलं. पहिल्याच खेपेनंतर रोझेरच्या पोटात काही टिकेना, कानात दिवसभर शिट्टी वाजायची, घोट्यांवर सूज आली. लघवी जवळजवळ थांबलीच. त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. मूत्रपिंडं थोडी सावरली, पण थोडीच.

बूल्यानबाई खुर्ची ओढून खाटेशी बसल्या. "माझं चुकलं, मस्यू माल्ते. तुमचं रक्त मला सांगत होतं की जपून. मी मोठ्या तपासणीवर विश्वास ठेवला. आता ते औषध बंद. आणि सौम्य औषधही पूर्ण मात्रेत देता येणार नाही. जेवढं झेपेल तेवढं देऊ."

"मनाला लावून घेऊ नका, बाई," रोझेर म्हणाला. "मूत्रपिंडं माझी होती."

आपण मोठ्या मनाने वागलो असं त्याला त्या क्षणी वाटलंसुद्धा. फेर्नां खिडकीशी उभा होता. खाली गाड्या लावायच्या मैदानात त्याला बघण्यासारखं बरंच सापडलं.

वसंत आला. सौम्य औषधाच्या तुटपुंज्या खेपा सुरू झाल्या. सलाईनच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर जेर्वे नावाचा एक ट्रकवाला असायचा. रोग तोच.

"मला जोरकस मिळणार होतं," एकदा जेर्वे म्हणाला. "माझा कॅन बरा आला होता. काठावर, पण पास. तरी बाई नको म्हणाल्या."

"का?"

"कॅनवरचा विश्वास उडालाय म्हणे त्यांचा. आधीच्या कुणाच्या तरी बाबतीत फसलं. तेव्हापासून काठावरच्यांना देतच नाहीत."

"कुणाच्या?"

"नाव कुठे सांगतात! गेला असेल बिचारा."

परतताना गाडी फेर्नां चालवत होता. रोझेर म्हणाला, "बाईंना सांगायला हवं."

"आता सांगून काय होणार?" फेर्नां म्हणाला. "तुझी मूत्रपिंडं परत येणारेत?"

"माझी नाही. त्या ट्रकवाल्याची शाबूत आहेत."

"फोरमनला कुणी असं सांगितलंय कधी?"

"ती फोरमन नाही रे. ती पोर रोज स्वतःला दोष देत बसते."

फेर्नांने पुढच्या वळणावर गाडी उलटी फिरवली. जिस्लेनने स्वयंपाक करून ठेवला असेल, एवढंच काय ते बोलला. इस्पितळाशी त्याने गाडी थांबवली, आणि स्वतः मात्र उतरला नाही.

रोझेरने उभ्यानेच सगळं सांगितलं. बूल्यानबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी उठून दार लावलं.

"का केलंत?"

"सौम्य औषध ज्याची आशा सोडली त्याला देतात, असं वाटलं."

"ते काम करतं, असं सांगितलं होतं मी तुम्हाला."

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही." रोझेर टोपी हातात फिरवत राहिला. "तेच पूर्ण मात्रेत मिळालं असतं, तर?"

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. तसं केलं असतं तर त्याला कळलंही नसतं.

"हा उन्हाळा बहुतेक मिळाला असता," त्या म्हणाल्या. "कदाचित पुढचाही."

आता काय मिळणार हे त्याने विचारलं नाही. त्यांनी डोळे पुसले, फोन उचलला आणि जेर्वेला सोमवारी पुन्हा तपासणीला बोलवायला सांगितलं. मग त्यांनी रोझेरला आणखी एक प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं, आणि तो बाहेर आला.

"चिडली?" फेर्नांने विचारलं.

"नाही. रडली थोडी."

"माझं नाव घेतलंस?"

"तिनेच विचारलं, उरलेली कुणाची होती. मी म्हटलं, मेव्हण्याची."

"मग? काय म्हणाली?"

रोझेर पट्टा लावत म्हणाला, "म्हणाली, त्यांची मूत्रपिंडं उत्तम आहेत."

फेर्नांने मान डोलावली. किल्ली लावलेली होती. ती फिरवायला त्याचा हात काही केल्या उठेना.